नदीचीही नारळी पौर्णिमा असावी

माशांच्या बाबतीत गोंयकाराला कुणी काही शिकवू नये असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. इसवण कुठल्या महिन्यात घ्यावा, बांगड्याचे डोळे कसे पाहावेत, तिरफळे कुठल्या हुमणात पडतात आणि कुठल्यात पडत नाहीत, हे सगळे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळलेले असते. पण हे सगळे ज्ञान खाऱ्या पाण्याचे. चोर्ला घाट चढून वर गेलो की आपण एकदम अडाणी होतो. "गोड्या पाण्यातले नुस्ते? छे, त्याला मातीचा वास!" एवढे एक वाक्य टाकून आपण विषय संपवतो.

आता गंमत अशी की जून-जुलैच्या बंदीच्या दिवसांत हेच "मातीच्या वासाचे" नुस्ते आमच्या गावच्या बाजारात बर्फाच्या पेटीतून उतरते आणि आम्हीच ते पिशवीतून घरी नेतो. म्हणजे आपला संबंध फक्त खाण्यापुरता. ते कुठून येते, कसे धरले जाते, त्या दिवसांत ते धरावे की नाही, याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही. माझ्या मते ते असायला हवे. आजचा लेख त्यासाठी. मात्र त्या मुद्द्यावर येण्याआधी थोडे गळाविषयी बोलू, कारण गळाशिवाय तो मुद्दा नीट कळणार नाही.

माझी थोरली बहीण निपाणीला दिली आहे. निपाणी म्हटले की आपल्याकडच्या लोकांना तंबाखू आणि विडी आठवते. मला आठवतो हिडकलचा जलाशय. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात अर्जित रजा टाकून मी तिच्याकडे जातो आणि त्यातले दोन-तीन दिवस भाओजींबरोबर पाण्याच्या काठावर काढतो. मी सरकारी कारकून. फाईल वर पाठवायची आणि ती खाली येईपर्यंत शांतपणे बसून राहायचे, हे आमचे आयुष्य. त्यामुळे गळाला जी मुख्य विद्या लागते ती सरकारने मला पगार देऊन शिकवलेली आहे!

हिडकलचे धरण घटप्रभा नदीवर, हुक्केरी तालुक्यात. सरकारी कागदात त्याचे नाव राजा लखमगौडा धरण. १९७७ साली ते पूर्ण झाले. पाणीसाठा ५१ टीएमसी. आपल्या साळावलीच्या साधारण सहापट म्हटले म्हणजे अंदाज येईल. पावसाळ्यानंतर पाहिले तर पलीकडचा काठ धूसर दिसतो. उन्हाळ्यात मात्र कालव्यांना पाणी सोडून सोडून जलाशय उतरत जातो, काठची जमीन उघडी पडते आणि पाणी खूप खाली गेले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर पुन्हा वर येते. मग आसपासच्या गावांतली माणसे दर्शनाला जातात. त्यांत कानडी बोलणारी असतात, मराठी बोलणारी असतात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले आहे. हे सगळे त्या काठावर बसणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. पण गळ टाकला की बोलण्याला बंदी असल्यामुळे वाद होत नाही.

गळ हा शब्द घाटावरचा. आपल्याकडे गरी. आपण "गरवायला" जातो, ते "गळाला बसतात". मला तो "बसणे" शब्द फार आवडतो. नेमके तेच करायचे असते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीचे दिवस गळाला चांगले, याला कारणे आहेत. पाणी उतरल्यामुळे मासा कमी जागेत गोळा झालेला असतो. काठ उघडा पडल्यामुळे पाण्याखाली काय काय आहे याचा नकाशाच समोर दिसतो. जुना बांध कुठे, बुडालेल्या झाडांची खोडे कुठे, जुन्या नदीचे पात्र कुठून वळते, हे सगळे मे महिन्यात डोळ्यांनी पाहून ठेवावे. मासा उन्हात उघड्या पाण्यात थांबत नाही. त्याला सावली लागते, आडोसा लागतो आणि प्राणवायू लागतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशाच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. म्हणून पाणी तापले की मासा जड होतो, खात नाही आणि खोल जातो. अकरा वाजता छत्री लावून गळ टाकणारा माणूस नुसती छत्रीच भाजून घेतो. खरी वेळ पहाटे उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत आणि पुन्हा ऊन कलल्यावर. वळवाच्या आदल्या संध्याकाळी, ढग भरून आलेले असताना, मासा वेड्यासारखा ओढतो असे तिकडचे जुने लोक सांगतात. माझा अनुभवही त्याला धरूनच आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नवखा माणूस शांत काठ निवडतो. अनुभवी माणूस लाटा जिथे येऊन आपटतात त्या काठाला जातो. तिकडे पाणी घुसळते, हवा मिसळते आणि वाऱ्याने आणलेले किडे-कचरा तिथेच जमतो. लहान मासळी त्या खाण्यामागे येते आणि मोठी लहानीमागे.

तिसरी गोष्ट चाऱ्याची. कटला आणि रोहूसाठी कणकेचा गोळा चालतो. त्यात शेंगदाण्याची पेंड मिसळली तर उत्तम. कटला वरच्या आणि मधल्या थरात फिरतो, तेव्हा गळ तळाला नेऊन उपयोग नाही. मोरपिसाची काडी बांधून गळ अधांतरी ठेवावा लागतो. वाम आणि शिंगाळ्यासारख्या तळाच्या माशांना गांडूळ, आणि तेही अंधार पडल्यावर. मरळ वेगळीच. तिला कणकेत रस नाही. तिला जिवंत, हलणारे काहीतरी लागते. आणि ती हवा घ्यायला वर येते, म्हणून गवताच्या कडेला पाणी "बुळुक" करून फुटले की समजावे बाई घरात आहेत. चिलापी मात्र काहीही खाते. पोरांनी चिलापी धरावी आणि घरी जाऊन बढाई मारावी.

आणि चौथी गोष्ट, जी मला तिथल्या एका म्हाताऱ्या भोई काकांनी पहिल्याच दिवशी सुनावली : "पावणं, सावली पडाय लागलीया पाण्यात. जरा मागं सरा." सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली आपल्या आधी पाण्यात उतरते. मासा सावलीलाच पळतो. एवढे साधे तत्त्व, पण अख्ख्या गळविद्येचा पाया.

हे सगळे मी नवे सांगतो आहे असे समजू नका. या भागावर कधीकाळी कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास "मानसोल्लास" हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीचे अभ्यासक त्याला मानतात, कारण त्यात जुन्या मराठीतल्या काही ओळी सापडतात. पण त्याच ग्रंथात "मत्स्यविनोद" नावाचे एक प्रकरण आहे. राजाने गळ टाकून मन कसे रमवावे, दोरी कशी असावी, कुठल्या माशाला कुठला चारा घालून आधी सवय लावावी, याचे त्यात पद्धतशीर वर्णन आहे. माशांचे शास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहून ते जगासमोर आणले. नऊशे वर्षांपूर्वी या मुलखात एक राजा गळाला बसत होता आणि माशांच्या सवयी लिहून ठेवत होता!

आणखी एक गोष्ट. १८३९ साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याचे दख्खनच्या माशांवरचे लेखन प्रसिद्ध झाले. नावे देताना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावेच घेऊन लॅटिनला जोडली. म्हणून दख्खनच्या महाशीर माशाचे शास्त्रीय नाव आजही "टोर खुद्री" आहे आणि कोळशीचे "हिप्सेलोबार्बस कोलस". जगात कुठेही हा मासा बाटलीत ठेवला तरी त्याच्यावरच्या चिठ्ठीत आपल्या नदीकाठचा शब्द असतो. मराठीच्या वैभवाची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो, पण त्यात हे उदाहरण मी कधी ऐकले नाही.

आता मूळ मुद्दा.

रोहू-कटल्यासारखे मासे साचलेल्या पाण्यात विणत नाहीत. त्यांना वाहते, गढूळ, चढते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोचणी देऊन या माशांची अंडी हातात मिळवली, तेव्हापासून मत्स्यबीज तयार करता येऊ लागले. आज धरणांत दिसणारा कटला-रोहू बहुतांशी असा सोडलेला असतो. तो संपला तर खाते पुन्हा सोडील.

पण नदीच्या स्वतःच्या माशांचे काय? कोळशी, वाम, मरळ आणि नाव घेतले तरी शहरी माणसाला न कळणारे लहानसहान मासे यांची वीण बहुतेक नदीच्याच भरवशावर. धरणाने त्यांची वर चढायची वाट आधीच अडवली आहे. उरली फक्त जलाशयाला वरच्या अंगाने येऊन मिळणारी ओढे-नाल्यांची तोंडे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आले, की अंड्यांनी भरलेली मासळी त्या पाण्याच्या वासाने उलटी चढू लागते. यांनाच चढणीचे मासे म्हणतात. आणि नेमक्या त्याच रात्री ओढ्याच्या तोंडाला या काठापासून त्या काठापर्यंत जाळे लागते. ज्या रात्री नदी आपले पुढच्या वर्षाचे बी पेरायला निघालेली असते, त्या रात्री आपण दारात पोते घेऊन उभे!

जाळे तरी बरे. काही ठिकाणी जिलेटिनची कांडी फोडतात, काही ठिकाणी ब्लीचिंग पावडर ओततात. स्फोटाने मेलेल्या माशांपैकी कितीतरी तळाला जातात आणि कुणाच्याच पानात पडत नाहीत. पिल्ले, अंडी, किडे सगळे एकदम संपते. हा गुन्हा आहे, आणि आजचा नव्हे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यातच स्फोटके आणि विष वापरायला मनाई आहे. मूळ कायद्यात शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. १८९७ साली दोनशे रुपये म्हणजे माणूस आयुष्यातून उठला असता. आज त्यात एक चांगला चोणक येणार नाही. कर्नाटकाने १९९६ साली गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी स्वतःचा कायदाही केला. कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती रात्री दोन वाजता ओढ्यावर उभे राहणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस कुठल्याच खात्याकडे पुरेसा नसतो. एक कारकून म्हणून हे मी खात्रीने सांगू शकतो.

समुद्रासाठी आपण काय करतो? १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद. त्यावर कुरकुर होते, पळवाटा काढल्या जातात, पण तत्त्व सगळ्यांना मान्य आहे. कारण कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी खोल पाण्यात घालायची नाही ही रीत होती. कायद्याने फक्त रीतीला शिक्का मारला. घाटावरच्या नद्यांना अशी सर्वमान्य रीत मला दिसली नाही. देवराईसारखे, देवळासमोरच्या डोहासारखे काही तुकडे राखले गेले, तेवढेच. त्याचे फळही समोर आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात, "शिस्टुरा हिरण्यकेशी" नावाचा एक नवाच मासा २०२० साली शास्त्रज्ञांनी नोंदवला आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच हिरण्यकेशी पुढे संकेश्वरवरून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते. देवाच्या धाकाने एक डोह राखला तर जगात दुसरीकडे कुठे न सापडलेला मासा टिकून राहतो. मग आख्खी नदी दोन महिने राखली तर काय काय टिकेल?

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते प्रामाणिक आहेत.

पहिला असा की चढणीचे मासे ही खेड्यातली वर्षातून एकदा येणारी चैन आहे. कंदील घेऊन पोरेटोरे ओढ्यावर जातात, आमटी होते, शेजारीपाजारी वाटली जाते. शहरातल्या पगारदाराने येऊन त्यांना उपदेश का करावा? मला हे पटते. एका घराची एक टोपली याने नदी मरत नाही. पण आज त्या रात्री टोपल्या येत नाहीत, टेम्पो येतो. हाताने धरणे आणि ओढ्याचे तोंड बांधून घेणे या दोन गोष्टी एका परंपरेच्या नावाखाली खपवू नयेत.

दुसरा आक्षेप पोटाचा. भोई समाजातल्या, सोसायटीतल्या ज्या माणसांचे घरच यावर चालते त्यांनी दोन महिने काय खावे? समुद्राच्या बंदीतही हाच प्रश्न आला होता, आणि त्याला उत्तर बंदी उठवणे हे नव्हते. उत्तर होते त्या दिवसांत आधार देणे. तेच इथेही हवे. आणि खरे सांगायचे तर पावसाळ्यातल्या त्या लुटीचा मोठा वाटा भोयांच्या घरात जातच नाही. ते काका मला म्हणाले होते, "आमी बारा म्हैनं हितंच हाय. जेला उद्या यायचंच न्हाई, तेलाच आज समदं पायजे."

गळवाल्यांनीही स्वतःला फार शहाणे समजू नये. मरळीची गोष्ट सांगतो. मरळ विणली की नर-मादी पिल्लांच्या थव्याखाली पहारा देत राहतात. पाण्यावर लालसर पिल्लांचा ढग दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप. अशा वेळी त्या ढगातून आमिष ओढले की मरळ हमखास झडप घालते. भूक म्हणून नव्हे, पिल्लांवर कुणी आले म्हणून. मोठा मासा मिळतो, फोटो छान येतो, आणि मागे उरलेली पिल्ले तासाभरात इतर मासे फस्त करतात. ही युक्ती मला माहीत आहे आणि ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. आपल्या चोणकालाही इंग्रज आशियाई समुद्री बासच म्हणतो, पण हा तळ्यातला, वेगळा. त्याचा नरही असाच घरट्यावर पहारा देतो. त्याच्या गळाच्या स्पर्धांचे तिकडे मोठे प्रस्थ. रे स्कॉट या गृहस्थाने १९६८ साली बास गरवणाऱ्यांची संघटना काढली आणि १९७२ पासून स्पर्धेतला मासा जिवंत ठेवून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडायचा पायंडा पाडला. हे त्याने केले ते काही अहिंसा म्हणून नव्हे. तळ्यात मासाच उरला नाही तर स्पर्धा कशाची, असा साधा व्यवहार त्यामागे होता. मी धरलेला मासा खातो, ते मी लपवत नाही. पण पोटात अंडी असलेली किंवा पिल्लांवर असलेली मरळ सोडायला माझे काय जाते?

आता आपल्याकडे, म्हणजे गोव्याकडे येतो. बेळगावकडचे पाणी म्हटले की आपल्याला फक्त म्हादई आठवते. कळसा-भांडुराचे पाणी वळवू नका म्हणून आपण भांडतो, आणि ते भांडलेच पाहिजे. नदी म्हणजे नुसते टीएमसी नव्हे, तिच्यात जीव आहेत, हा आपला युक्तिवाद. मग घाटापलीकडच्या नद्यांतले जीव आपल्या ताटात येतात तेव्हा तोच युक्तिवाद आपल्याला लागू का नसावा? जुलैत बाजारात पोट फुगलेला नदीचा मासा दिसला की आपण गाबोळीच्या लोभाने आधी तोच उचलतो. त्या गाबोळीला जास्त भाव मिळतो म्हणून तर ओढ्याच्या तोंडाला जाळे लागते. जाळे लावणारा हुक्केरी तालुक्यात असेल, पण त्याच्या जाळ्याचे एक टोक म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात आपल्या हातात असू शकते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नदीचीही नारळी पौर्णिमा असावी. पहिल्या पावसापासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत नदीचा अंडी भरलेला मासा गळाने धरू नये, जाळ्याने धरू नये आणि मुख्य म्हणजे विकत घेऊ नये. पहिल्या दोन गोष्टींसाठी सरकार लागेल, सोसायट्या लागतील, वर्षे लागतील. तिसऱ्या गोष्टीला कुणाची परवानगी लागत नाही. त्या दोन महिन्यांसाठी आपल्याकडे सुकी सुंगटे आहेत, खारवलेले बांगडे आहेत, पुरुमेंताची भरलेली बरणी आहे. आपल्या आज्यांनी ती सोय उगीच केलेली नव्हती.

गळाला बसायची हौस असेल त्यांनी एप्रिल-मे धरावा. धरणाच्या भिंतीपासून लांब राहावे, परवानगीची चौकशी आधी करावी, उतरलेल्या पाण्याच्या काठचा गाळ वरून सुका दिसला तरी त्यावर पाय टाकू नये, आणि सावली पाण्यात पडू देऊ नये. मृगाचे ढग दिसले की दोरी गुंडाळून माळ्यावर टाकावी.